मोडक्या टिपरचा देखावा

गोव्यात साखळीहून होंड्याकडे आणि आमोण्याकडे जाणाऱ्या रस्त्यांलगत, घरांच्या आवारात आणि बंद पडलेल्या गॅरेजांच्या मागे खनिजाचे टिपर उभे राहिले, त्याला आता बराच काळ लोटला. काही विकले गेले, काही कापून भंगारात गेले. काही अजून तिथेच आहेत. अशा मोडक्या गाडीचा प्रमाणबद्ध देखावा करायचा तर त्या कलेत आजवर काय झालं आहे, त्यातलं इथे काय उपयोगी पडेल आणि आपल्याकडे हाताशी काय आहे, याचा हा आढावा आहे. जगभर या प्रकारचे हजारो देखावे होतात. त्यांत बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धातला जळलेला रणगाडा, उलटलेला जर्मन ट्रक किंवा शेतात पोटावर उतरलेलं विमान असतं. डिचोली तालुक्यातल्या मुलानेही तोच जर्मन रणगाडा का करावा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आधी मोडण्याबद्दल. गाडी मोडलेली दाखवणं सोपं आहे, असा समज आहे. भाग वाकवले, तांबूस रंग फासला, चाक काढून बाजूला ठेवलं की झालं, असं वाटतं. चांगल्या कामात मात्र मोडण्याचं कारण दिसावं लागतं. विमान जमिनीवर आपटलं तेव्हा इंजिन चालू असेल तर पंख्याची सगळी पाती टोकांशी वळतात. इंजिन बंद असेल तर खाली आलेलं पातंच मागे वाकतं आणि वरची सरळ राहतात. जळालेल्या रणगाड्याच्या चाकांवरचं रबर जळून जातं, उष्णतेने स्प्रिंगा नरम पडतात आणि सगळं धूड खाली बसतं. रंग जळून पांढुरकी राख उरते आणि उघड्या पडलेल्या पोलादावर थोड्याच दिवसांत नारिंगी गंज चढतो. बुडालेली गाडी वेगळी दिसते, दरीत गेलेली वेगळी आणि नुसतीच सोडून दिलेली आणखी वेगळी. ज्या देखाव्यात हे सगळे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात, तो दोन पावलांवरून छान दिसतो आणि जवळ गेल्यावर खोटा ठरतो. या आढाव्यात मी प्रत्येक परंपरा आणि प्रत्येक तंत्र याच एका कसोटीवर पाहणार आहे: गाडीला काय झालं, ते त्यातून कळतं का?

१८२२ साली लुई दागेरने पॅरिसमध्ये डायोरामा उघडला. मोठ्या पडद्यांवरची चित्रं आणि त्यांवर बदलता प्रकाश असा तो खेळ होता. त्यात छोट्या वस्तू नव्हत्या. पुढे संग्रहालयांनी हे नाव उचललं आणि काचेमागच्या मांडणीला ते चिकटलं. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात लोकांचे व्यवसाय, खेळ आणि गावगाडा दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मांडण्या आहेत. मणिभवनात गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग बाहुल्यांतून उभे केले आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. १:८७ हे प्रमाण किती शिस्तीने सांभाळता येतं, ते मराठी मुलांनी पहिल्यांदा पाहिलं असेल तर तिथे. पण तिथे सगळं धावतं. सिग्नल पडतो, गाडी थांबते आणि पुन्हा निघते. मोडक्या वस्तूला या सगळ्या मांडण्यांत जवळजवळ जागा नाही.

मोडक्या वाहनाला मध्यभागी आणलं ते प्लॅस्टिकच्या किटांनी. जपानच्या तामिया कंपनीने १:३५ हे प्रमाण रूढ केलं आणि अमेरिकेत शेप पेन यांनी १९७०च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटांसोबत येणाऱ्या पत्रकांतून देखावा कसा रचायचा हे हजारो मुलांना शिकवलं. १९८० साली आलेलं त्यांचं देखाव्यांवरचं पुस्तक आजही या छंदाचा पाया मानलं जातं. पेन यांचा भर गोष्टीवर होता. नजर आधी कुठे जाईल, मग कुठे वळेल, कोणत्या माणसाची पाठ आपल्याकडे असेल, याचा ते विचार करत. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी त्यात पडक्या भिंती, विटांचे ढिगारे आणि ओतीव तपशिलांची श्रीमंती आणली. गेल्या पंचवीसएक वर्षांत स्पेनमधल्या कारागिरांनी गंज, धूळ, ओघळ आणि उडालेल्या रंगाचं तंत्र इतकं पुढे नेलं की त्यासाठीच्या बाटल्यांचा आणि पुड्यांचा वेगळा बाजार उभा राहिला. यात एक तोटाही झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. बाटलीवर ‘गंजाचे ओघळ’ असं लिहिलेलं असतं म्हणून ओघळ काढले जातात. पाणी कुठून आलं आणि कुठे अडलं, ते कुणी पाहत नाही. कौशल्य वाढलं आणि निरीक्षण मागे पडलं. पेन यांच्या जुन्या कामांत रंगाचं काम आजच्या मानाने साधं आहे, पण प्रसंग चटकन कळतो.

आपल्या बाजूला देखाव्याची परंपरा दांडगी आहे. घाटावर आणि कोकणात दिवाळीला मुलं किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि मावळे उभे करतात. गोव्यात चवथीला मखरापुढे हलते देखावे होतात. नाताळात ख्रिस्ती वाड्यांवर गोठे उभे राहतात, त्यांत गवत, चिरे, झरा आणि दिवा सगळं जागच्या जागी असतं. शिगम्याला साखळी, डिचोली, पेडणे इथल्या मिरवणुकांत चित्ररथ निघतात. लाकूड, काथ्या, माती, कापड आणि कागदाचा लगदा हाताळणारे कुशल लोक गावोगाव आहेत आणि डिचोलीची कुंभारकामाची ओळख तर जुनीच आहे. म्हणजे हातांची कमतरता नाही.

या परंपरेचं गणित मात्र वेगळं आहे. किल्ल्यावरचे शिवाजी महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि ते तसेच असायला हवेत, कारण तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो. गणपतीपुढच्या देखाव्यातही मुख्य पात्र मोठं असतं. मोडक्या गाडीच्या देखाव्यात सगळ्यांना एकच माप लागू होतं: माणूस, चाक, चिरा, गवताचं पातं. हे माप एका ठिकाणी चुकलं तरी गाडी खेळण्यातली वाटू लागते. दुसरी गोष्ट मनाच्या सवयीची आहे. भग्न मूर्ती आपण पूजेत ठेवत नाही, तिचं विसर्जन करतो. मोडलेलं नजरेआड करायचं, ही सवय देवघरापासून अंगणापर्यंत पोहोचली आहे. मोडलेली वस्तू काळजीने, वेळ देऊन, मापात घडवायची, ही कल्पना त्यामुळे आपल्याला थोडी परकी वाटते. ती रुजायला हवी असं मला मनापासून वाटतं.

गोव्यात करण्याजोगे विषय आहेत. १८ डिसेंबर १९६१च्या पहाटे भारतीय सेना गोव्यात शिरली तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी डिचोली आणि अस्नोड्याचे पूल उडवले. कोसळलेला पूल, अलीकडे थांबलेली सैन्याची रांग आणि वाट दाखवणारे गावकरी हा प्रसंग १:७२मध्ये उत्तम बसेल. त्याच लढाईत ‘आफोंसो द अल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका भारतीय फ्रिगेटींच्या माऱ्यात सापडून बांबोळीजवळ किनाऱ्याला लागली. जून २०००मध्ये कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्यावर रुतलेलं ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज दशकभराहून अधिक काळ तिथेच कुजत राहिलं. तेही खनिजाच्या व्यापारातलंच जहाज होतं. जहाजांना १:३५० किंवा १:७०० हेच प्रमाण परवडतं आणि त्या मापात माणूस मुंगीएवढाच उरतो. साखळीच्या माणसाने करावा असा विषय म्हणून माझी निवड टिपरवर स्थिर होते. त्याच्या मोडण्याचं कारण इथल्या घराघराला ठाऊक आहे.

ते कारण तारखांत सांगता येतं आणि देखाव्याला त्या तारखा लागतात. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननाला वाट मोकळी झाली, तरी प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१५ उजाडलं. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं दुसरं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प झालं. डिसेंबर २०२२मध्ये लिलाव झाले आणि डिचोलीची खाण २०२४मध्ये सुरू झाली. अनेक टिपर तोवर उठण्यापलीकडे गेले होते.

म्हणजे या गाडीवर गंजाचे दोन थर आहेत. पहिला साधारण तीन पावसाळ्यांचा. मग कर्ज काढून किंवा होतं नव्हतं ते घालून केलेली डागडुजी: पुट्टी, वेल्डिंगची पट्टी, वरून नवा रंग. त्यानंतर दुसरी बंदी, आणि नव्या रंगाखालून फुगून वर आलेला जुना गंज. रंगाच्या खाली गंज आणि त्या गंजाच्या खाली आणखी जुना रंग, हे कोणत्याही परदेशी पुस्तकातल्या नमुन्यात सापडणार नाही. त्यात भर अशी की पावसाळ्यात आग्वादजवळचं नदीचं मुख बंद झालं की निर्यात थांबायची आणि खनिजाची वाहतूकही. ते चार महिने गाड्यांच्या दुरुस्तीचे आणि रंगरंगोटीचे असत. केबिनवरचा टवका उडालेला दाखवायचा तर त्यात मोसमामोसमाचे वेगवेगळे रंग दिसायला हवेत. एकाच रंगाखाली थेट पत्रा दाखवला तर गाडीचं वय पुसलं जातं.

उभी गाडी कशी झिजते, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. बॅटरी आणि टायर आधी काढून घेतले जातात. ॲक्सलखाली चिरे येतात. टायर ठेवलेले असतील तर हवा जाऊन ते तळाशी पसरतात आणि बाजूंनी चिरा पडतात. हौद्याचा आतला पत्रा खनिजाने घासून पूर्वी चकाकत असे, म्हणून तिथे रंगाचा मागमूस नसतो आणि गंज सरसकट सारखा चढतो. बाहेरून मात्र गंज वेल्डिंगच्या सांध्यांपासून, बिजागरांपासून आणि फाळक्याच्या कडीपासून सुरू होतो. हौदा किंचित उचललेल्या स्थितीत राहिला असेल तर पाणी मागे उतरतं आणि फाळक्याची खालची कड चाळणीसारखी होते. तो पूर्ण बसलेला असेल तर पाणी पुढच्या कोपऱ्यांत साचतं, त्यात पाला कुजतो आणि एखादं रोप उगवतं. हौदा उचलणाऱ्या जॅकचा चकचकीत दांडा ज्या उंचीवर थांबला, तिथे एक रेघ कायमची उमटते. समोरच्या काचेचं रबर सुकतं आणि कोपऱ्यातून आत ओल उतरते. हे सगळं पाहिलेल्या माणसाला तयार बाटल्यांची फारशी गरज पडत नाही.

अपघाताचा टिपर करायचा तर त्याचं कारण वेगळं. ओलं खनिज हौद्याला चिकटून राहतं, हौदा वर गेला तरी ते घसरत नाही, वजन वर आणि एका बाजूला जातं आणि गाडी आडवी होते. खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, म्हणजे डंपच्या, कडेची भुसभुशीत माती खचली तरी तेच होतं. अशा गाडीत जॅक वाकलेला आणि चेसिसला पीळ पडलेला दिसतो, केबिन जमिनीच्या बाजूने दबते आणि वरची बाजू जवळपास शाबूत राहते. दोन्ही बाजू सारख्याच चेपल्या तर ते काम फसलं.

आता मापं. दोन ॲक्सलचा टिपर सुमारे सहा मीटर लांब धरला तर १:३५मध्ये तो सतरा सेंटिमीटर होतो आणि १:२४मध्ये पंचवीस. मी १:३५ सुचवीन, कारण त्या मापाची माणसं, हत्यारं, पिंपं विकत मिळतात. टाटाच्या खाणीच्या टिपरचं तयार किट मिळण्याची आशा धरू नये. बाजारातले प्लॅस्टिकचे खेळण्यातले ट्रक कामाला येतात, पण त्यांचं माप आधी पट्टीने तपासावं. बहुतेक खेळण्यांत केबिन मोठी आणि चाकं जाड असतात. टाटांच्या टेल्कोने १९५४पासून दीड दशक जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवले, त्यामुळे अगदी जुनी गाडी करायची असेल तर मर्सिडीजच्या त्या काळच्या ट्रकांचे आराखडे आणि फोटो उपयोगी पडतात. हौदा मात्र स्वतःच बनवावा लागेल. खनिज मातीपेक्षा खूप जड असल्यामुळे दहा टनांच्या गाडीचा हौदा वाळूच्या ट्रकापेक्षा आखूड आणि उथळ असतो. तो मोठा केला की गाडी गोव्याच्या खाणीची राहत नाही.

पत्र्याच्या जाडीत नवशिके सर्वांत जास्त अडखळतात. किटातला प्लॅस्टिकचा भाग एक मिलिमीटर जाड असतो. १:३५च्या हिशेबात ते पस्तीस मिलिमीटर पोलाद झालं, म्हणजे चिलखतच. हौद्याचा चार मिलिमीटरचा पत्रा या मापात मिलिमीटरच्या जेमतेम नवव्या भागाइतका हवा. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची भिंत साधारण एवढीच असते. तो डबा कापून, गॅसच्या मंद आचेवर तापवून नरम केला की हौद्याच्या बाजू, वाकलेला फाळका, मडगार्ड सगळं त्यातून निघतं. केबिनचा पत्रा त्याहूनही पातळ, त्यासाठी स्वयंपाकघरातली जाड फॉइल. ती लाकडी साच्यावर दाबून बसवली आणि मग बोटाने चेपली की खरा पोचा पडतो. डिचोली परिसरातल्या डेंटिंगच्या कारागिरांकडून शिकावं असं इथे बरंच आहे. पत्रा कुठे ताणला जातो आणि कुठे दुमडतो, हे त्यांना हाताने कळतं.

रंगाच्या तंत्रांत हेअरस्प्रेची पद्धत मला या कामासाठी सर्वांत भरवशाची वाटते. आधी गंजाचे दोन-तीन रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर गाडीचा ॲक्रिलिक रंग. मग ओल्या ब्रशने घासलं की वरचा रंग जागोजागी सुटतो. दोन थरांच्या गंजासाठी हीच कृती दोनदा करावी लागेल, मधे लॅकरचा हात देऊन. मिठाचे खडे चिकटवून रंग मारायचा आणि मग ते खरवडायचे, ही जुनी पद्धत फुगलेल्या गंजाला चांगली. पण साखळीत जून ते सप्टेंबर यांतलं काहीही करताना हवेची ओल हिशेबात घ्यावी. लॅकर फवारताच तो दुधाळ होतो, प्लास्टर सुकत नाही, प्लायवूडचा पाट फुगतो आणि कागदाच्या लगद्याला बुरशी येते. पुस्तकांतलं ‘एका तासाने’ इथे ‘एका दिवसाने’ असं वाचावं. पत्र्याचं कापणं, जोडणं पावसाळ्यात करावं आणि फवारणी चवथीनंतर आकाश उघडल्यावर. सांगाडा थर्मोकोलचा करण्याची सवय मात्र सोडावी. तो रंगातल्या द्रावकाने विरघळतो आणि त्याचा कचराही वर्षानुवर्षं जात नाही.

जमिनीचं काम इथल्या माणसाला सोपं जावं, पण त्यातही एक खाच आहे. जांभ्याचा भुगा आणून चिकटवला की झालं, असं वाटतं. तो मलमलीतून दोन-तीनदा चाळला नाही तर एक मिलिमीटरचा कण पस्तीस मिलिमीटरचा दगड होतो. रस्त्यावरची धूळ आणि हौद्यातलं खनिज हे एका रंगाचं नसतं. रस्ता विटकरी-नारिंगी, खनिज जांभळट लाल. आणि इथल्या खाणींत ‘ब्लू डस्ट’ म्हणतात ते भुकटीसारखं खनिज तर पोलादी करडं असतं. करड्या खनिजाचे अवशेष असलेला हौदा लाल रस्त्याकडेला दाखवला, तर खाणीवर काम केलेला माणूस लगेच ओळखेल. वनस्पतींतही गाव दिसतं. पहिल्या पावसात टायरांभोवती टाकळा, दुसऱ्या वर्षी रानमोडी, मग केबिनवर चढलेली वेल, आणि मागे डंपवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाची रांग. साखळीची जुनी खाण झाडं लावून हिरवी केली आहे. तिची पायऱ्यापायऱ्यांची चढण आजही डोळ्यांना दिसते आणि देखाव्याची पार्श्वभूमी म्हणून ती अस्सल आहे. वाळलेली बारीक मुळं, काथ्याचे धागे, शेवाळ हे सगळं अंगणात मिळतं. शेवाळ पातळ गोंदात भिजवून सुकवलं की ते टिकतं.

माणसं ठेवावीत का? या बाबतीत माझं मत ठाम आहे. खऱ्या अपघातात गेलेल्या माणसाचा देखावा करू नये. त्याचं घर इथेच आहे आणि त्याची मुलं तो बघतील. मात्र माणसांवाचून टिपर अर्धा राहतो. या गाडीने एका घराला दोन मजले दिले आणि शेजारच्या घराला धुळीचा खोकला दिला. २०१७मध्ये सत्तरीतल्या सोनशीच्या गावकऱ्यांनी धूळ आणि पाण्याच्या प्रश्नावर खनिजाचे ट्रक अडवले आणि त्यांना अटक झाली. शेतांत गाळ उतरला. बँकेचे हप्ते थकले. एकट्या मालकाचा शोक दाखवला तर तो देखावा अर्धवट ठरेल, आणि एकट्या गावकऱ्याचा रोष दाखवला तरी तेच. मी असं सुचवीन: गाडी अंगणात, तिच्या हौद्यावर सुकायला घातलेले कपडे, बाजूला चुलीचं सरपण आणि पलीकडच्या शेतात गाळाचा लाल पट्टा. एक म्हातारी सरपण उचलते आहे, एवढं एक माणूस पुरे. शेप पेन यांनी शिकवलेली नजरेची वाट इथे कामी येते: आधी गाडी, मग म्हातारी, शेवटी शेत.

हे काम एकट्याच्या छंदापुरतं राहू नये. साखळीच्या रवींद्र भवनात आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत असा देखावा मांडता येईल. सर्वणच्या आयटीआयमधल्या मुलांना पत्रा आणि वेल्डिंग येतं. चवथीच्या मूर्तिकारांना माती आणि रंग येतो. टिपर चालवलेल्यांना गाडी येते. या तिघांना एका टेबलापाशी बसवलं तर बाहेरून कुणी शिकवायला आणण्याची गरज नाही. वेळ मात्र कमी आहे. जुनी वाहनं मोडीत काढण्याचं केंद्राचं धोरण २०२१मध्ये आलं, खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि भंगारवाला अंगणातला टिपर मोजत नाही, कापतो. म्हणून येत्या सुट्टीत मालकाला विचारून एक गाडी निवडावी. पट्टी, वही आणि फोन घेऊन हौद्याची लांबी-रुंदी-उंची, व्हीलबेस, स्प्रिंगच्या पाट्यांची संख्या, केबिनच्या दारापासून बोनेटपर्यंतची अंतरं लिहून घ्यावीत. चारही बाजूंनी, खालून आणि हौद्याच्या आतून पट्टी धरून फोटो काढावेत. गंजाच्या प्रत्येक डागाजवळ पाणी कुठून आलं असेल, त्याची नोंद करावी. गाडी कधी थांबली आणि त्याआधी कधी दुरुस्त झाली होती, हे चालकाच्या तोंडून ऐकून त्याच पानावर लिहावं.